आईच्या स्वप्नाचा भाव

त्या सोमवारी सकाळी नदीवरचं धुकं चढत चढत बाराव्या मजल्यापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. गॅलरीतून खाली बघितलं तर वसाहतीतला एकही मनोरा दिसत नव्हता. खाली जमीन नाहीच, नुसतं घर तरंगतंय, असं हेसुकला वाटलं. मोठ्या टबातले कोबीचे अर्धे केलेले गड्डे ती एकेक करून धूत होती. रात्रभर मिठात पडून ते मऊ झाले होते. उचलले की झोपलेल्या मुलासारखे हातावर लोंबत होते.

चाळीस गड्डे. दर वर्षी चाळीसच. पण किमचीचा, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं घालायचा, दिवस दर वर्षी रविवारी असे, कारण बाकीचे सहा दिवस मेंगांच्या घरदलालीच्या दुकानात घरं दाखवता दाखवता जेवायलाही फुरसत नसे. या वर्षी सासूबाई म्हणाल्या, "सोमवारी करू," आणि "मग दुकानाचं काय?" असं कुणीही विचारलं नाही. दारावर 'बाहेर गेलो आहोत' अशी पाटी लावून हेसुक आणि तिचा नवरा तेगून निमूट सासूबाईंच्या घरी आले.

"किती धुतेस ग? सगळा खार निघून जाईल," सासूबाई बुनरे आतून म्हणाली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही ती मांडी घालून सरळ बसे. समोरच्या परातीत तिखट, लसूण, खारवलेली कोळंबी कालवलेली होती, आणि तिचा रबरी हातमोजा कोपरापर्यंत लाल झाला होता.

"आई, आज तुम्ही फार खुशीत दिसताय."

"स्वप्न पडलं पहाटे."

मुळा किसत बसलेल्या तेगूनचा हात थांबला. "कसलं?"

"घर होतं. आग होती." एवढं बोलून बुनरेनं ओठ मिटले.

घर जळताना दिसणं म्हणजे भाग्य दाराशी आलं, हे देगू शहरात लहान पोरालाही ठाऊक असतं. आणि बुनरेच्या माहेरची रीत अशी की चांगलं स्वप्न सांगून टाकायचं नाही. सांगितलं की ते गळून जातं. ज्याला हवं असेल त्यानं न ऐकताच विकत घ्यायचं, काहीतरी मोल देऊन, पदर किंवा सदऱ्याचं टोक पसरून. मग ते भाग्य त्याचं.

तेगूननं किसणी खाली ठेवली. चौपन्न वर्षांचा माणूस, पण चेहऱ्यावर एकदम दहा वर्षांचं पोर आलं. तो काही बोलणार तेवढ्यात हेसुकचा फोन किणकिणला.

"आला का तो सोमवारचा कागद?" तेगूननं विचारलं.

"आला. बारापर्यंत उत्तर द्यायचंय."

"मग देऊन टाक. 'जैसे थे'."

"अहो, प्रश्न तरी वाचू द्या."

"प्रश्न अकरा महिने तोच आहे."

"उत्तरही अकरा महिने तेच आहे. तेच म्हणतेय मी."

घरांच्या भावाचा अंदाज काढणाऱ्या कार्यालयाकडून दर सोमवारी हा कागद येई. तुमच्या भागात या आठवड्यात भाव काय झाला? खूप चढला, थोडा चढला, जैसे थे, थोडा पडला, खूप पडला. पाचांतलं एक बोट लावून दाबायचं. शहरातल्या सगळ्या दलालांची उत्तरं एकत्र करून गुरुवारी पेपरात आकडा छापून येई. मग शुक्रवारी गिऱ्हाईक दुकानात येऊन सांगे, "बाजार स्थिर आहे म्हणे, पेपरात आलंय." आपणच सोमवारी सांगायचं आणि आपणच गुरुवारी वाचून धीर धरायचा, याची हेसुकला अलीकडे लाज वाटू लागली होती. दलालीचा परवाना तिच्या नावावर होता, म्हणून प्रश्न तिला येत असे. उत्तर मात्र तेगूनचं असे.

"भाव पडलेला नाही," तेगून म्हणाला. "भाव दम खातोय."

"एकोणीस दिवसांत आपल्या दुकानाचं दार चौघांनी उघडलं. दोन कुरिअरवाले, एक पत्ता विचारणारा, आणि चौथ्या होत्या मंडळाच्या बाई."

मंडळाच्या बाईंचं नाव निघताच तेगूननं किसणी पुन्हा उचलली. वसाहतीतल्या बायकांच्या मंडळानं सगळ्या दलालांना बजावलं होतं की पन्नास कोटी वॉनच्या खालच्या भावाचा कागद दुकानाच्या काचेवर लावायचा नाही. जो लावील त्याच्याकडे या नऊ मनोऱ्यांतलं एकही घर येणार नाही. काचेवर पन्नासचे कागद होते. उन्हानं ते पिवळे पडले होते.

दाराचं विजेचं कुलूप गाणं वाजवत उघडलं आणि तेगूनची बहीण ओकरान आत आली, बुटांसकट अर्धी.

"काय, परीक्षा चाललीय? दादाला बसवू नका. तो परवान्याच्या परीक्षेत चार वेळा नापास झालाय."

"तीन वेळा," तेगून म्हणाला. "चौथ्यांदा मी गेलोच नव्हतो."

* * *

ओकराननं हातमोजे चढवले खरे, पण तिचं मन अजून त्या रिकाम्या मनोऱ्यातच होतं.

स्टेशनपलीकडे तिच्या कंपनीनं अडतीस मजल्यांचे दोन मनोरे उभे केले होते. बांधून पुरे झाले, लिफ्ट चालू झाल्या, बागेत पाइनची झाडंही लागली. माणसं तेवढी आली नाहीत. नमुन्याच्या घरात रोज बायका यायच्या, कॉफी प्यायच्या, फुकटचा टिश्यूचा गठ्ठा घ्यायच्या, स्वैपाकघराच्या ओट्यावरून हात फिरवायच्या आणि "विचार करून सांगते" म्हणून जायच्या. मग साहेबांनी एक काम लावून दिलं. संध्याकाळ झाली की ओकराननं किल्ल्यांचा जुडगा घेऊन रिकाम्या घरांत दिवे लावत फिरायचं, म्हणजे रस्त्यावरून बघणाऱ्याला वस्ती वाटावी. आज या मजल्यावर तीन, उद्या त्या मजल्यावर पाच. कालच चोविसाव्या मजल्यावर दिवा लावून ती तिथल्या जमिनीवर जराशी टेकली होती. फरशी तापवणाऱ्या नळ्या चालू नव्हत्या, तरी तिला वाटलं, आत कुणीतरी भात लावलाय. उठून दार ओढताना ती त्या रिकाम्या खोलीला "येते हं" म्हणाली होती.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. त्याच मनोऱ्यात तिनं स्वतःही एक घर घेऊन ठेवलं होतं, हेही तिनं नवऱ्याखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं.

"वहिनी, 'थोडा चढला' दाब," ती म्हणाली. "आमच्याकडे 'पडला' हा शब्द उच्चारायला बंदी आहे. 'स्थिरावतोय' म्हणायचं."

"स्थिरावतोय म्हणजे पडतोय ना?"

"म्हणजे हळू पडतोय." ओकरान हसली. मग तिच्या कानावर आईच्या स्वप्नाची गोष्ट आली आणि तिचं हसू थांबलं. "आग? मोठी होती का ग?"

"मोठी होती."

"धूर होता?"

"धूर नव्हता. पुढचं विचारू नको."

"मी घेते," ओकरान म्हणाली. "आई, माझा तो रेशमी स्कार्फ तुला आवडतो ना? तो घे."

"थांब," तेगून म्हणाला. "मी इथे पहिला आलो. आई, मी तुला जेजू बेटावर नेईन. विमानानं."

"विमानात माझे कान दुखतात."

"मग जहाजानं!"

"स्कार्फ आणि ही अंगठी," ओकराननं हातमोजा ओढून काढला.

"ही अंगठी मीच दिलीय तुला," बुनरे म्हणाली. पण तिच्या गालावरच्या सुरकुत्या हलल्या. बाजारात सगळं थंड पडलेलं असताना या घरात एकाच वस्तूचा भाव चढत होता, आणि ती वस्तू कुणी बघितलेली नव्हती. चाळीस वर्षं नवऱ्याच्या दुकानात मागे बसून चहा देता देता तिनं हा खेळ पाहिला होता. आज पहिल्यांदा माल तिचा होता.

"तू काय देतेस, हेसुक?"

"मला नको, आई. मला एवढं पेलायचं नाही."

"बघ, शहाणी आहे."

"शहाणी नाही, कंजूष आहे," तेगून म्हणाला. "ओकरान, स्कार्फ दाखव आधी. आणलायस कुठे?"

स्कार्फ दाराजवळच्या पिशवीत होता. ओकरान उठून गेली. जाता जाता आपले बूट ठेवायला तिनं बुटांचं कपाट उघडलं आणि तिथेच उभी राहिली. कपाटाच्या आत, दाराच्या मागच्या बाजूला, दोरीनं एक कात्री उलटी टांगलेली होती. मोठी, काळ्या मुठीची, मांस कापायची. मुठीवर चिकटपट्टी होती आणि तिच्यावर पुलाजवळच्या त्या नेहमी रांग असलेल्या खानावळीचं नाव.

अशी कात्री का टांगतात हे ओकरानइतकं कुणाला माहीत असणार? गिऱ्हाईक मिळत नाही म्हणून रडणाऱ्या प्रत्येक घरमालकिणीला तिनं कानात हाच उपाय सांगितला होता. गर्दीच्या खानावळीतली कात्री, आणि ती गुपचूप उचललेली हवी. दाराशी उलटी टांगा, घर भाकरीसारखं खपेल.

"दादा, ही तू लावलीस?"

"काय?" तेगून मान उंचावून बघायला आला, आणि त्याचाही चेहरा बदलला. "मी कशाला लावीन? मी काय अडाणी आहे?"

दोघांनी मागे वळून बघितलं. बुनरे कोबीचं एकेक पान उलटून आत मसाला भरत होती.

"मी आणली," ती म्हणाली. "नातवाच्या वाढदिवसाला गेलो होतो तेव्हा. हातरुमालात गुंडाळून."

"आई, तू चोरी केलीस?"

"विकत घेतलेली चालत नाही ना. तूच सगळ्यांना सांगतेस."

कुणी हसलं नाही. धुकं गॅलरीच्या काचेला टेकून उभं होतं. मग बुनरे मान वर न करता म्हणाली, "गेल्या वर्षी याच दिवसांत तेगून, मी तुला सांगितलं, हे घर विक, मला समुद्राकाठी कुर्योंगपोला ताईजवळ जाऊन राहायचंय. तू काचेवर कागद लावलास, पन्नासचा. एक वर्ष झालं. घर बघायला कोण आलं? एक माणूस. त्याला शौचालयाला जायचं होतं."

* * *

घंटी वाजली तेव्हा तेगून त्या एका माणसाबद्दलच विचार करत होता. आई खोटं बोलत नव्हती.

त्यानं दार उघडलं. दारात योम उभा होता. रस्त्यापलीकडचा योमशेठ, ज्याच्या दुकानाची पाटी तेगूनच्या पाटीपेक्षा एक वीत मोठी होती, आणि ज्याच्याशी तो अकरा वर्षं फक्त मान हलवण्यापुरता बोलला होता. त्याच्या मागे एक तरुण जोडपं होतं. मुलीचे दिवस भरत आले होते. तिनं दोन्ही हात पोटाखाली धरले होते, जसं कुणी भरलेला टोप धरावा.

"मेंगशेठ," योम म्हणाला आणि कमरेत वाकला. "तुम्ही असाल असं वाटलं नव्हतं. आजींनी सोमवारी अकराला या म्हणून सांगितलं होतं."

दलालाच्या आईनं आपलं घर दुसऱ्या दलालाकडे द्यावं! ही बातमी जेवायच्या वेळेपर्यंत नऊही मनोऱ्यांत फिरेल. मंडळाच्या बाई काय म्हणतील ते नंतर. लोक म्हणतील, स्वतःच्या आईचा विश्वास नाही.

"या, आत या," बुनरे आतून म्हणाली. "बूट काढा आणि जपून या, सगळीकडे मीठ आहे. मुली, तू इथे बस. उभी राहू नको."

मुलगी बसली. तिचा नवरा भिंतीशी उभा राहिला आणि खिशातून टेप काढून खिडकीची रुंदी मोजू लागला, हळूच, कुणाची झोपमोड होऊ नये तसा. बुनरेनं कोबीचं एक पिवळं कोवळं पान मसाल्यात बुडवलं, त्यात उकडलेल्या मांसाचा तुकडा ठेवला आणि घडी करून मुलीच्या तोंडासमोर धरलं. मुलगी लाजली, मग तिनं तोंड उघडलं.

"किती म्हणताहेत?" तेगूननं योमला विचारलं. तोंडातून निघाल्यावर त्याला कळलं की आपण आपल्या आईच्या घराचा भाव दुसऱ्या दलालाला विचारतोय.

"अडतीस."

"अडतीस? शुद्धीवर आहात का? हे घर बावन्नला गेलं असतं!"

"गेलं असतं," योम शांतपणे म्हणाला. "तीन वर्षांपूर्वी. विकायला काढलेलं नसतानाही मीच गिऱ्हाईक धाडलं होतं, मेंगशेठ. तुम्ही त्याला म्हणालात पंचावन्न."

हे खरं होतं, आणि खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

"अडतीसचा सौदा नोंदला गेला की उद्या सगळ्यांना तो आकडा दिसणार," तेगून म्हणाला. आवाज चढू नये म्हणून तो दात मिटून बोलत होता. "मग या मनोऱ्यातलं प्रत्येक घर अडतीसचं. आणि तो आकडा कुणी पाडला? मेंगांनी. स्वतःच्या घरापासून. माझं दुकान इथेच आहे, आई. मला इथेच तोंड दाखवायचंय. आणि अर्धं घर माझ्या नावावर आहे. माझ्या सहीचा शिक्का लागेल."

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. बाबा गेल्यावर घर मायलेकांच्या नावावर झालं होतं, आणि गेल्या सहा वर्षांत या गोष्टीचा उच्चार कधी कुणी केला नव्हता.

ओकराननं मान खाली घातली. ती दादाच्या बाजूची होती. स्टेशनपलीकडे दिवे लावत फिरणाऱ्या बाईला अडतीसचा आकडा परवडणारा नव्हता.

* * *

बुनरेला राग आला नाही. मुलाचा चेहरा बघून तिला तो लहानपणीचा दिवस आठवला, जेव्हा तो शाळेतून भिजून आला होता आणि 'मी रडलो नाही' म्हणाला होता.

"तुम्ही सगळे घरांच्या धंद्यातले," ती म्हणाली. "मी चहा देणारी. मला एक सांगा. भाव परत कधी येईल?"

"पुढच्या वसंतात नाही, त्याच्या पुढच्या," तेगून लगेच म्हणाला. "नवीन बांधकामं थांबलीत. दोन वर्षांत घरं कमी पडतील. मी आकडे बघितलेत."

"ओकरान?"

"व्याज उतरलं की. शरदापर्यंत उतरेल म्हणतात." मग ती थांबली. "गेल्या शरदातही म्हणत होते."

"हेसुक?"

हेसुकनं हातमोजे काढून ठेवले होते. "पाच वर्षं, आई. कदाचित येणारच नाही. मुलं कमी होताहेत. घरं वाढताहेत. मी गिऱ्हाइकाला हे सांगत नाही, पण मला असं वाटतं."

"आणि तुम्ही, शेठ?"

योमनं डोकं खाजवलं. "आजी, ते मला कळत असतं तर मी तुमच्या मुलाच्या समोर दुकान थाटून बसलो असतो का?"

भिंतीशी उभा असलेला तरुण एकदम हसला आणि पुन्हा टेपकडे बघू लागला.

"म्हणजे एकाला दोन वर्षं वाटतात, एकीला एक, एकीला पाच, एकाला माहीत नाही," बुनरे म्हणाली. "आता मी सांगते. माझी ताई त्र्याऐंशीची आहे. मागच्या उन्हाळ्यात ती फोनवर पुतण्यांची नावं विसरायची. शरदात कोंबड्यांना दाणे घातले की नाही ते विसरायची. गेल्या महिन्यात दोनदा विचारलंन, 'तुम्ही कोण?' तो बाजार मला कळतो. रोज थोडा थोडा जातोय आणि परत यायचा नाही. तुमचे भाव येतील तेव्हा मी जाऊन तिथे कुणाला सांगू, मी तुझी बहीण म्हणून?"

हेसुकनं फोन उचलला. सगळे तिच्याकडे बघत असताना तिनं बोट लावलं.

"काय दाबलंस?" तेगूननं विचारलं.

"'खूप पडला'."

"हेसुक!"

"परवाना माझा आहे, अहो." तिनं फोन खाली ठेवला नाही. "अकरा महिने मी तुमचं उत्तर दिलं. आज मला विचारलं होतं."

ओकरान वहिनीकडे बघत राहिली. मग ती हळूच म्हणाली, "माझंही एक घर आहे तिथे. स्टेशनपलीकडच्या मनोऱ्यात. विकलं जात नाहीये. रोज संध्याकाळी मीच त्यात दिवा लावून येते." कुणी काही बोलण्याआधी तिनं डोळे पुसले, आणि मसाल्याचा हात डोळ्याला लागून ती ओरडली. पोटुशी मुलगी टिश्यू शोधू लागली. योमनं खिशातला रुमाल पुढे केला. थोडा वेळ त्या घरात कुणाला भावाची आठवण राहिली नाही.

"आई," ओकरान नाक ओढत म्हणाली, "स्वप्न दादालाच दे. त्याला गरज आहे."

"कुणालाच देत नाही," बुनरे म्हणाली. "ऐका."

"अग, सांगू नको! गळून जाईल!"

पण बुनरे सांगू लागली होती. ती डोळे मिटून, पुढे-मागे किंचित डोलत सांगत होती. "हेच घर होतं, पण खाली होतं, जमिनीवर, आणि जळत होतं. ज्वाळा पिकलेल्या तेंडूफळाच्या केशरी रंगाच्या. अजिबात भाजत नव्हतं. तुमचे बाबा आत काचेपाशी बसून भावाचे कागद चिकटवत होते. मी म्हटलं, अहो, घर पेटलंय. ते म्हणाले, किती खोल्यांचं? मग ते सगळे कागद काचेवरून सुटले आणि उडाले, बगळ्यांसारखे, समुद्राकडे. मी मागे पळत गेले. अनवाणी. तिथे ताई उभी होती, सोळा-सतरा वर्षांची. ती एकेक कागद पकडून दोरीवर वाळत घालत होती, मासे घालतो तसे. मला म्हणाली, ओले आहेत ग, बुनरे, तीन दिवस लागतील. मग आम्ही दोघी दोरीखाली बसून राहिलो. वारा होता. बस, एवढंच."

तिनं डोळे उघडले. धुकं विरळ होऊ लागलं होतं. समोरच्या मनोऱ्याचे वरचे मजले पाण्यातून वर यावेत तसे दिसत होते.

"संपलं," ती म्हणाली. "आता ते कुणाच्या कामाचं नाही."

तेगून आईसमोर खाली बसला. मग म्हणाला, "निदान वसंतापर्यंत थांब, आई. मला तेवढा वेळ दे. मी पंचेचाळीसचं गिऱ्हाईक आणतो. मावशी काय कुठे पळून जात नाहीये."

"लाव तिला फोन."

"आत्ता?"

"तुझेच हात कोरडे आहेत. लाव, आणि सगळ्यांना ऐकू येईल असं कर."

त्यानं फोन लावून जमिनीवर ठेवला. खूप वेळ घंटी वाजत राहिली. मग पलीकडून आधी वारा ऐकू आला, मग कोंबडी, मग एक बारीक आवाज.

"कोण?"

"मी. बुनरे."

"बुनरे इथे नाही. ती देगूला असते."

बुनरेच्या हातातलं पान परातीत पडलं. ती थोडी पुढे वाकली. ओकराननं तोंडावर हात ठेवला.

"बरं," बुनरे म्हणाली. आवाज तिनं परक्या बाईचा केला, अदबीचा. "मग मी तुमच्याशीच बोलते, आजी. मला तुमच्या गावात राहायला एक खोली हवी होती. तुमच्याकडे एक रिकामी आहे म्हणून ऐकलं."

"रिकामी नाही हो. धाकटीची आहे. ती यायचीय."

"कधी यायचीय?"

"येतेच आहे. मी रोज तिचं पांघरूण उन्हात घालते. काल पाऊस होता, म्हणून चुलीपाशी धरलं." पलीकडे बुनरेची ताई, जोमरे, थांबली. तिला वाईट वाटलं असावं. "तुम्हाला फार अडचण आहे का? माणूस एकटंच?"

"एकटीच."

"मग असं करा, ती आली की मी विचारते. ती नाही म्हणायची नाही. लहानपणी आम्ही दोघी एकाच पांघरुणात झोपायचो, तिचे पाय फार गार असायचे. तिघी मावू. पण तिला विचारल्याशिवाय मी खोली देणार नाही. तुम्ही रागावू नका."

बुनरेनं पडलेलं पान उचलून परातीच्या काठावर ठेवलं.

तेगूननं फोन उचलला. दोन्ही हातांनी धरला, एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाशी बोलताना तो धरायचा तसा.

"आजी, नमस्कार. मी घरांचा दलाल बोलतोय, देगूहून."

"दलाल? मला काही विकायचं नाही."

"नाही, नाही. त्या खोलीबद्दलच. ती खोली कुणाला दाखवू नका, कुणाला शब्द देऊ नका." त्यानं योमकडे बघितलं, मग त्या मुलीच्या पोटाकडे. "तुमच्या धाकट्या बहिणीचं इथलं काम झालं आहे. अडतीसला. कागद आजच होतील, शिक्का मी घेऊन येतो. पंधरा दिवसांत मी स्वतः त्यांना तुमच्या दारात आणून सोडतो."

पलीकडे कोंबडी पुन्हा ओरडली.

"बरं," जोमरे म्हणाली. "पण पंधरा दिवस कशाला? लवकर पाठवा. इथे थंडी पडायला लागलीय."